दमा : रुग्णालयीन उपचारांचा इतिहास

दमा हा श्वासनलिकांचा चिरकारी (दीर्घकालीन) दाहयुक्त विकार आहे. त्यात बारीक श्वासनलिकांच्या भित्तींतील स्नायू आकुंचन पावतात, आतील अस्तराला सूज येते आणि चिकट कफ नलिकांत अडकून राहतो. त्यामुळे विशेषतः श्वास बाहेर सोडताना अडथळा होतो, धाप लागते, छातीत घरघर होते व खोकल्याची उबळ येते. हा अडथळा कायमचा नसतो. तो आपोआप किंवा औषधाने बऱ्याच अंशी दूर होतो, हे दम्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. दम्याच्या रुग्णालयीन उपचारांचा इतिहास समजून घेताना हे लक्षण प्रथम ध्यानात घ्यावे लागते. क्षयरोगी महिनोन्‌महिने रुग्णालयात राहत असे. दमेकरी मात्र मध्यरात्री ओठ निळे पडलेल्या अवस्थेत येतो आणि चार दिवसांत चालत घरी जातो. त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असावी, ही जाणीव वैद्यकात फार उशिरा निर्माण झाली. या प्रवासाचे टप्पे महाराष्ट्राच्या, व विशेषतः नासिक जिल्ह्याच्या, संदर्भात येथे दिले आहेत.

प्राचीन भारतीय विचार : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात उचकी व श्वास या विकारांचे एकत्र विवेचन केलेले आहे. श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार मानले असून त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी बरेचसे जुळते. आडवे झाल्यास त्रास वाढणे, बसल्यावर बरे वाटणे, कफ सुटल्यावर काही काळ सुख वाटणे, ढगाळ व थंड हवेत वेग येणे या गोष्टी त्यात नमूद आहेत. तमकश्वास हा ‘याप्य’ मानला आहे. याप्य म्हणजे समूळ बरा न होणारा, परंतु योग्य उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा विकार. आधुनिक वैद्यकाला हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढावा लागला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही श्वासरोगाला एक अध्याय दिलेला आहे. आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या अडुळशातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडावरून पुढे ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध तयार करण्यात आले.

पाश्चात्त्य वैद्यक : ‘ॲस्थमा’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ धाप लागणे असा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस मोझेस मायमोनिडीझ या यहुदी वैद्याने दम्यावर प्रबंध लिहिला व त्यात आहार, झोप आणि स्वच्छ हवा यांवर भर दिला. सर जॉन फ्लॉयर यांचा दम्यावरील इंग्रजी ग्रंथ १६९८ मध्ये आणि हेन्‍री हाइड सॉल्टर यांचा १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. हे दोघेही स्वतः दमेकरी होते. 

श्वासावाटे औषध देण्याच्या कल्पनेला संस्थेचे रूप प्रथम इंग्‍लंडमधील ब्रिस्टल येथे मिळाले. टॉमस बेडोझ यांनी १७९९ मध्ये तेथे निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करण्यासाठी एक संस्था काढली. अपेक्षित फळ न मिळाल्याने ती फार काळ टिकली नाही, तरी प्राणवायूचा औषधी उपयोग तपासण्याचा तो एक आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न होता. याच सुमारास भारतातून एक उपाय युरोपात गेला. मद्रास येथील वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन हे धोतऱ्याच्या मुळ्यांचा धूर ओढून दम्यावर उपचार करीत. ही माहिती जनरल जेंट यांच्यामार्फत १८०२ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचली आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे धोतऱ्याच्या विड्या व भुकट्या तेथील औषधालयांत विकल्या जात होत्या. धोतऱ्यात ॲट्रोपीन व तत्सम द्रव्ये असून ती श्वासनलिका सैल करतात. परंतु मात्रा थोडी वाढली तरी भ्रम व विषबाधा होते. ॲट्रोपिनापासून सिद्ध केलेले व श्वासनलिकांपुरतेच कार्य करणारे इप्राट्रोपियम हे औषध आज रुग्णालयांत तीव्र दम्यासाठी फवाऱ्याच्या रूपाने दिले जाते. अशा रीतीने एक जुना भारतीय उपाय शुद्ध व मोजक्या मात्रेत परत आला आहे.

हवापालट व आरोग्यधामे : परिणामकारक औषधे उपलब्ध होण्यापूर्वी श्रीमंत दमेकऱ्याला वैद्य हवापालटाचा सल्ला देत. यूरोपात आल्प्स पर्वतातील दाव्होस हे ठिकाण यासाठी प्रसिद्ध झाले. पश्चिम भारतात मुंबईच्या दमट हवेपासून दूर अशी पाचगणी, माथेरान, लोणावळे व नासिकजवळील देवळाली ही स्थळे पुढे आली. पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल एअर’ हे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम स्थापन केले. देवळाली हे मूळचे लष्करी ठाणे. मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना तेथे जहाजाची वाट पाहत राहावे लागे. रेल्वेमुळे मुंबईशी सुलभ दळणवळण, समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंची व तुलनेने कोरडी हवा यांमुळे पारशी, गुजराती, कच्छी व जैन समाजांतील दानशूरांनी तेथे आरोग्यभवने बांधली. त्यांतील बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय असे. वैद्यकीय उपचार गौण असत.

हवापालटाने अनेक दमेकऱ्यांना खरोखरीच बरे वाटे. त्याचे एक कारण १९६४ मध्ये स्पष्ट झाले. नेदर्लंड्समधील लायडन येथील फोरहॉर्स्ट व स्पीक्स्मा यांनी घरातील धुळीतील अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण करणारा प्रमुख घटक म्हणजे एक सूक्ष्म माइट (अष्टपाद कीटकसदृश प्राणी) असल्याचे दाखविले. हा प्राणी गाद्या, उशा व गोधड्यांत राहतो आणि त्याला दमट हवा लागते. दाव्होससारख्या अतिउंच व कोरड्या स्थळी तो तग धरू शकत नाही. देवळालीची उंची त्या मानाने फारच कमी असून पावसाळ्यात तेथील हवाही दमट होते. त्यामुळे उन्हाळ्यात वा हिवाळ्यात मिळालेला आराम पावसाळ्यात किंवा मुंबईच्या घरी परतल्यावर नाहीसा होई. शिवाय हा उपाय महिनाभर बिऱ्हाड हलविणे परवडणाऱ्या कुटुंबांपुरताच मर्यादित होता; गिरणीकामगाराला वा शेतमजुराला तो मिळणे शक्य नव्हते.

क्षय रुग्णालयांतून छातीच्या विभागांकडे : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुप्फुसरोगांचा वैद्य म्हणजे क्षयरोगाचा वैद्य असेच समीकरण होते. महाराष्ट्रात मिरज येथे विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयाने (१८९४) व त्याच्याशी संलग्न क्षय आरोग्यधामाने, तसेच मुंबईतील शिवडीच्या क्षय रुग्णालयाने या क्षेत्रात मोठे कार्य केले. या संस्थांमधील खाटा संसर्गजन्य रोग्यांसाठी असत. धाप लागलेला दमेकरी तेथे दाखल होणे इष्ट नव्हते आणि सर्वसामान्य रुग्णालयात त्याच्या विकाराचा जाणकार नव्हता. 

स्ट्रेप्टोमायसीन (१९४४) व त्यानंतरच्या औषधांमुळे क्षयरोगी घरी राहून बरे होऊ लागले आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने जिल्हा क्षयरोग केंद्रांचे जाळे उभारले. आरोग्यधामांचे महत्त्व कमी झाले व तेथील तज्ञांचे लक्ष दमा, चिरकारी श्वासनलिकादाह यांसारख्या विकारांकडे वळले. दिल्ली येथील वल्लभभाई पटेल छाती संस्था (१९४९) ही या स्थित्यंतराची अग्रणी होय. तिचे पहिले संचालक आर. विश्वनाथन व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये पाटण्यातील पाहणीवरून दम्याचे प्रमाण १·८% असल्याचे प्रसिद्ध केले. ही भारतातील या प्रकारच्या आद्य पाहण्यांपैकी एक होय. पुढे मुंबई व नागपूरसह १२ ठिकाणी झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पंधरा वर्षांवरील व्यक्तींमध्ये हे प्रमाण २·०५% आढळले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० नंतरच्या दशकात शहरातील प्रदूषित व तुलनेने स्वच्छ वस्त्यांतील रहिवाशांच्या श्वसनविकारांचा तौलनिक अभ्यास केला. दमेकऱ्याला तपासताना त्याच्या वस्तीचा व व्यवसायाचाही विचार करावा लागतो, हे त्या कार्याने अधोरेखित केले.

याच काळात लोणावळे येथील कैवल्यधाम या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापिलेल्या संस्थेच्या योगोपचार रुग्णालयात दमेकऱ्यांना दाखल करून घेऊन योगोपचारांचे परिणाम नोंदविण्यात आले. श्वसनाच्या व्यायामांमुळे काही रुग्णांची लक्षणे सौम्य होतात व मनाची धास्ती कमी होते. मात्र ते औषधांना पूरक आहेत, पर्यायी नाहीत, असे आज मानले जाते.

औषधे व साधने : जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी १९०१ मध्ये ॲड्रेनॅलीन स्फटिकरूपात मिळविले व १९०३ मध्ये त्याचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) दम्याच्या वेगात वापरले गेले. एफेड्रीन १९२४ नंतर प्रचारात आले. त्यानंतर थिओफिलीन व ॲमिनोफिलीन यांचा वापर सुरू झाला. अनेक दशके तालुक्याच्या दवाखान्यात ‘दम्याची सुई’ म्हणजे ॲड्रेनॅलीन किंवा ॲमिनोफिलीन असेच समजले जाई. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झाले. त्यामुळे मरणासन्न रुग्ण वाचू लागले. परंतु दीर्घकाळ पोटात घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, मधुमेह इ. उपद्रव उद्‌भवतात, हेही लवकरच दिसून आले.

मोजकी मात्रा देणारा हस्तफवारा (इन्हेलर, बोलीभाषेत ‘पंप’) १९५६ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. सॅल्ब्युटामॉल १९६९ मध्ये व श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथॅसोन हे स्टेरॉइड १९७२ मध्ये आले. या दोहोंमधील भेद महत्त्वाचा आहे. पहिले आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते, परंतु मुळातील दाह तसाच राहतो. दुसरे तत्काळ आराम देत नाही, परंतु रोज घेतल्यास दाह शमवून पुढील वेग टाळते. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असल्याने पोटातील गोळ्यांचे उपद्रव त्याने सहसा होत नाहीत. केवळ तत्काळ आरामावर विसंबून राहण्याचा धोका १९६० नंतरच्या दशकात दिसून आला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले व तीव्र मात्रेच्या आयसोप्रीनॅलीन फवाऱ्यांच्या अतिवापराशी त्यांचा संबंध जोडण्यात आला. दम्यासाठीच्या जागतिक उपक्रमाने (जिना, स्थापना १९९३) २०१९ मध्ये केवळ सॅल्ब्युटामॉलसारख्या औषधावर दम्याचा उपचार करू नये, अशी स्पष्ट शिफारस केली.

निदानाच्या दृष्टीने राइट यांनी १९५९ मध्ये वर्णिलेला श्वासवेगमापक महत्त्वाचा ठरला. त्याची छोटी व स्वस्त आवृत्ती निघाल्यावर रुग्णाला घरी रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःचा श्वासवेग मोजता येऊ लागला.

तीव्र वेगाचे रुग्णालयीन व्यवस्थापन : एडिंबरो येथे क्रॉम्प्टन व ग्रँट यांनी १९६८ मध्ये एक अभिनव सेवा सुरू केली. माहीत असलेल्या गंभीर दमेकऱ्याला वैद्याच्या चिठ्ठीशिवाय, स्वतःच रुग्णवाहिका बोलावून थेट छातीच्या विभागात दाखल होण्याची मुभा देण्यात आली. मृत्यू हे बहुधा औषध नसल्यामुळे नव्हे, तर विलंबामुळे होतात, या निरीक्षणावर ती आधारलेली होती.

आज मान्य असलेली पद्धती पुढीलप्रमाणे आहे : रुग्णाला बसते ठेवून रक्तातील प्राणवायूची संपृक्तता सु. ९३ ते ९५% राहील इतका प्राणवायू देतात. पहिल्या तासात सॅल्ब्युटामॉल व इप्राट्रोपियम यांची वाफ (नेब्युलायझर) दर वीस मिनिटांनी देतात. स्टेरॉइड पहिल्या तासातच पोटातून वा शिरेतून देतात, कारण त्याचा परिणाम दिसण्यास काही तास लागतात. उतार न पडल्यास शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात. झोपेची औषधे देणे धोकादायक असते. घरघर एकाएकी थांबून छाती ‘शांत’ होणे हे बरे होण्याचे नव्हे, तर हवा जवळजवळ न शिरण्याचे लक्षण असू शकते; अशा वेळी कृत्रिम श्वसनयंत्राची गरज पडते. हे सर्व करण्यास अखंड प्राणवायू, प्रशिक्षित परिचारिका व रात्रपाळीचा जाणकार वैद्य यांची आवश्यकता असते. खर्चिक यंत्रांचा क्रमांक त्यानंतरचा आहे.

नासिक जिल्हा : या जिल्ह्यात दम्याला उत्तेजक अशा अनेक परिस्थिती एकत्र आढळतात. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे अतिपावसाचे, डोंगराळ व मुख्यत्वे आदिवासी वस्तीचे तालुके आहेत. तेथील घरांत चुलीचा धूर व ओल असते. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत मळणीची धूळ, तर निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षबागांत गंधकाची भुकटी व कीटकनाशकांचे फवारे यांच्याशी शेतमजुरांचा संबंध येतो. पुणे परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजरगवताचा प्रसार पुढे राज्यभर झाला असून त्याचे पराग अधिहर्षताकारक आहेत. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती आणि एकलहरे येथील औष्णिक विद्युत्‌ केंद्र (पहिला संच १९७०) यांमुळे शहर परिसरात औद्योगिक धूर व राख यांची भर पडली.

हवापालटासाठी ज्याची ख्याती होती त्याच जिल्ह्यात दम्याच्या उपचारासाठी संघटित व्यवस्था उशिरा आली. दीर्घकाळ जिल्हा रुग्णालयाचा सर्वसाधारण वैद्यकविभाग व क्षयरोग केंद्र यांवरच भार होता. पंचवटीतील गणेशवाडी येथे आयुर्वेद महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या आरोग्यशाळा रुग्णालयातून आयुर्वेदीय उपचार मिळतात. मराठा विद्या प्रसारक समाजाने १९९० मध्ये आडगाव येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केल्यामुळे अध्यापन रुग्णालय जिल्ह्यात आले. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन त्याचे मुख्यालय नासिकजवळ म्हसरूळ येथे आले. राज्यातील श्वसनवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण या विद्यापीठाच्या कक्षेत येते. २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेमुळे दुर्गम भागातील रुग्णाला वाटेतच प्राणवायू मिळण्याची सोय झाली.

रुग्णालयातील प्राणवायूचे महत्त्व कोविड-१९ च्या साथीत सर्वांच्या ध्यानात आले. नासिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब घटला व वीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. हे रुग्ण कोविडचे होते. परंतु ज्याचा श्वास यंत्रावर वा नळीवर अवलंबून आहे अशा कोणत्याही रुग्णाला हा धडा लागू पडतो. प्राणवायूची टाकी, नळ, झडपा व पर्यायी साठा यांची देखरेख हा उपचाराचाच भाग आहे.

समजुती व सातत्य : महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कोजागिरी पौर्णिमेच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा आहे, तर हैदराबाद येथे मृगाच्या सुरुवातीस जिवंत माशातून औषध दिले जाते. वर्षातून एकदा घ्यावयाच्या अशा उपायांची परिणामकारकता शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेली नाही. दम्याचे वेग ऋतुमानानुसार मुळातच कमीजास्त होत असल्याने उपायाचा आभास सहज निर्माण होतो. रोज घ्यावयाचे औषध थांबवून असा उपाय करणे धोक्याचे असते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप हा शेवटचा उपाय’ या समजुतीही तितक्याच घातक आहेत. विशेषतः उपवर मुलीचा दमा लपविण्याकडे कुटुंबाचा कल असल्याने तिचा उपचार अर्धवट राहतो.

योग्य व्यवस्थेने काय साधते, हे फिनलंडच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने (१९९४–२००४) दाखवून दिले. लवकर निदान, श्वासावाटे स्टेरॉइड व रुग्णाचे शिक्षण यांवर भर दिल्याने तेथे दम्यासाठी रुग्णालयात घालविलेल्या दिवसांत निम्म्याहून अधिक घट झाली. याउलट, रोगभाराच्या जागतिक अंदाजानुसार जगातील सु. १३% दमेकरी भारतात असून दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४०% हून अधिक भारतात होतात. औषधे भारतातच मोठ्या प्रमाणावर तयार होत असताना ही तफावत असावी, याचे कारण औषधाच्या अभावापेक्षा उपचाराच्या खंडिततेत शोधावे लागते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दम्याचा समावेश झाला, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

रुग्णालयाची भूमिका दोन शतकांत बदलत गेली आहे. प्रथम ते रुग्णाला वेगळी हवा देणारे स्थान होते, नंतर वेगाच्या वेळी प्राण वाचविणारे झाले. आता वेग ओसरल्यावरचा अर्धा तास तितकाच निर्णायक मानला जातो. त्या अर्ध्या तासात रुग्णाकडून फवारा प्रत्यक्ष वापरून घेणे, रोजचे औषध व आरामाचे औषध यांतील फरक समजावणे, धाप वाढल्यास काय करावे हे मराठीत लिहून देणे आणि पुढील तपासणीची तारीख ठरविणे ही कामे करावयाची असतात. त्यांना मोठा खर्च लागत नाही. सुरगाण्याहून रात्री आणलेला दमेकरी पुन्हा त्याच अवस्थेत आणावा लागणार नाही, याची बरीचशी निश्चिती त्यांच्यावर अवलंबून असते. तमकश्वासाला ‘याप्य’ म्हणणाऱ्या प्राचीन वैद्यांच्या मताचा व्यवहारातील अर्थ हाच की, हा विकार सांभाळावा लागतो. आणि तो सांभाळण्यास रुग्णाला समर्थ करणे हे विशेषोपचारांचे प्रमुख कार्य ठरते.